मशीनवर शून्य आलं

अपघात झाला त्या सकाळी आमच्या घरात पहिला प्रश्न जखमीबद्दल नव्हता. आपानं फोनवर विचारलं, "दारू तो नै पिया ना?" ठाण्यातून दुल्हाभाई म्हणाले, नाही, मशीनमध्ये फुंकायला लावलं, शून्य आलं. आपा तिथंच जमिनीवर बसली आणि म्हणाली, अल्लाहचा शुक्र आहे. मीही म्हणालो. दुपारपर्यंत मोहल्ल्यात हीच बातमी होती, की गाडी ठोकली पण पोरगा प्यायलेला नव्हता. जोहरनंतर मशिदीबाहेर दोघातिघांनी तर मला हात मिळवून जवळजवळ मुबारकबादच दिली. साधारण त्याच वेळेला सरकारी दवाखान्यात एका माणसाचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापला जात होता.

भाचा बावीस वर्षांचा. दुल्हाभाईंच्या नावावर असलेला छोटा हत्ती चालवतो, पहाटे मंडईतून भाजी भरून दुकानांना पोचवतो. ज्यांना ठोकलं ते एका गोदामाचे वॉचमन, रात्रपाळी संपवून सायकलवर घरी चालले होते. त्यांना मी काका म्हणतो, इथेही तेच म्हणेन. हे सगळं भाच्याला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिहा मामू, पण नाव नको."

मी एका वकिलांकडे कारकून आहे. मोटार अपघाताचे दावे टाइप करण्यात अठरा वर्षं गेली, त्यामुळे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ मला तोंडपाठ आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. हेल्मेट किंवा सिग्नलसारखी जागेवर पावती फाडून यातून सुटका होत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. आमच्याकडे येणारे कितीतरी जण पहिल्यांदा हेच विचारतात की साहेब, पावती नाही का होणार?

पण या कलमाला दोन पाय आहेत, आणि दुसऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. दारूशिवाय दुसऱ्या कुठल्याही अमली पदार्थाच्या अंमलाखाली, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत गाडी चालवली तरी हाच गुन्हा आणि हीच शिक्षा. फक्त तिथे तीस मिलिग्रॅमसारखा आकडा नाही, आणि फुंकायचं मशीन फक्त अल्कोहोल ओळखतं. मशीनवर दारू दिसली किंवा माणसानं फुंकायला नकार दिला, तर रक्त घेण्याची वाट कायद्यात स्पष्ट आखलेली आहे. शून्य आलं तर मात्र पोलिसाला स्वतःहून संशय यावा लागतो, मग डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि कलम १८५खाली अटक केली असेल तर दोन तासांच्या आत तपासणी व्हावी लागते. भाच्यावर कुणाला संशय आला नाही. पाच वक्ताच्या नमाजी घरातला पोरगा, दाढी राखलेली, तोंडाला वास नाही, घाबरून थरथरणारा. निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत, एवढीच कलमं लागली. म्हणजे न्याय संहितेची २८१ आणि १२५. जास्तीत जास्त तीन वर्षं, किंवा नुसता दंडही होऊ शकतो. संध्याकाळी तो जामिनावर घरी आला.

मी पहिल्यांदा काकांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरगा पिऊन होता का?" मी म्हणालो, "नाही काका. मशीनवर शून्य आलं." तेव्हा माझ्या लेखी ते खरं होतं.

चौथ्या रात्री भाचा माझ्याकडे आला. बराच वेळ मोबाईलशी चाळा करत बसला, मग म्हणाला, "मामू, आदल्या रात्री दोन बटण घेतली होती."

बटण म्हणजे काय हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात. झोपेच्या आणि चिंतेच्या आजारावरच्या गोळ्या, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे. कायद्याने त्या एच-वन यादीतल्या आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, आणि दुकानदारानं रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. भाच्यानं त्या एका पानटपरीमागे घेतल्या होत्या, तिथे कसली वही. नायट्राझेपामची गुंगी एका रात्रीत उतरत नाही, दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं आणि हातपाय उशिरा चालतात. त्याला सायकल दिसली होती. "दिसली मामू, पण पाय ब्रेकवर जाईपर्यंत..." एवढंच बोलला.

मी त्याला विचारलं, तुला हे हराम वाटलं नाही का? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "दारू थोडीच आहे."

मला त्याचा राग आला नाही, कारण हे त्याला आम्हीच शिकवलंय. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट खम्रमध्ये मोडते, खम्र या शब्दाच्या मुळाशीच अक्कल झाकण्याचा अर्थ आहे, हे मकतबमधलं पोरही सांगेल. पण जुम्याच्या बयानात, घरात, लग्नासाठी स्थळ बघताना आपण विचारतो ते दारूचं. मुलगा पीत नाही म्हटलं की चौकशी संपते. बाटलीला वास असतो, ती लपवावी लागते, बदनामी होते. गोळी खिशात मावते आणि तोंडाला वास येत नाही. आमच्या मोहल्ल्याचं मशीनही फक्त दारूच ओळखतं.

कोर्टात नशेला किती वजन असतं हे मी फायलींमधून पाहिलंय. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर ॲलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं त्याला निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांची कैद आणि पाच लाखांचा दंड दिला, तेव्हा लोक चिडले होते. हायकोर्टानं ते सदोष मनुष्यवधात बदलून तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. दारू पिऊन भरधाव गाडी हाणणाऱ्याला माणसं मरू शकतात याची जाणीव असते, असं धरलं गेलं. हे धरता आलं याचं एक मोठं कारण म्हणजे त्याच्या रक्ताचा अहवाल फाईलमध्ये होता. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शनं दोन तरुण इंजिनीअर मेले, तेव्हा सगळ्यांना आठवतो तो तीनशे शब्दांचा निबंध. मला आठवतं ते रक्त. नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती. रक्तात काय आहे यावर एवढं सगळं अवलंबून असतं, म्हणून तर ते बदलण्याचे आरोप होतात. आमच्या प्रकरणात कुणाला काही बदलावं लागलं नाही. ते घेतलंच गेलं नव्हतं.

वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आरोपीनं स्वतःविरुद्ध बोलावं असं कुठलाच कायदा म्हणत नाही, राज्यघटनेनंच ते संरक्षण दिलंय. गप्प बसा. मग थोडं थांबून त्यांनी विम्याची आठवण करून दिली, जी मला आधीच झाली होती. कायद्याच्या कलम १५०नुसार चालक नशेत होता हा विमा कंपनीला बचाव मिळतो. अशा वेळी कोर्ट अनेकदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक दुल्हाभाई. त्यांच्याकडे ती गाडी आणि दोन खोल्यांचं घर, एवढंच आहे. भाच्याच्या तोंडून निघालेल्या दोन बटणांची किंमत आपाच्या घराएवढी होती.

काकांना मी त्यानंतर तीनदा भेटलो. आपानं डबा दिला होता, मी औषधांचे पैसे दिले. तिसऱ्या भेटीत त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की पिऊन नव्हता ना, कारण त्यांच्या सुनेला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं. मी पुन्हा म्हणालो, मशीनवर शून्य आलं. शब्द तेच होते. घरी येऊन मगरिबला उभा राहिलो आणि कितवी रकात चालू आहे हेच कळेना.

चार महिन्यांनी भाचाच म्हणाला, चला. आम्ही दोघं गेलो. काका कुबड्या भिंतीला टेकवून कॉटवर बसले होते. भाच्यानं खाली बघत सगळं सांगितलं, गोळ्यांचं नाव, किती, कधी. मी मध्ये बोललो नाही. काकांनी त्याला शिवी दिली नाही की काही नाही. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि मग मला विचारलं, "म्हणजे आता कंपनी पैसे देणार नाही का?"

मी त्यांना ते आधी द्या, मग वसूल करा समजावलं, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेनं समजावलं. तेव्हा ते म्हणाले, "मग हे लिहून द्या."

कागद लिहून झालाय. टायपिंग माझंच आहे. सही व्हायची आहे. आपा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. पुढची तारीख ईदनंतरची आहे.