पुढे चाल

बावीस वर्षं मी वर्गात एक गोष्ट सांगत आलो. 1950 साली ब्राझीलला फुटबॉलचा वर्ल्ड कप होता, आपला संघ पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि फिफाने बुटांची सक्ती केली, म्हणून आपल्याला जाता आलं नाही. गरीब देशाच्या तोंडचा घास गोऱ्यांनी बुटासाठी काढून घेतला, असा शेवट मी करायचो. वर्ग चिडीचूप व्हायचा. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या आसपासच्या गावांतली मुलं ती, बांधीतल्या चिखलातून अनवाणीच शाळेत येणारी. त्यांना ही गोष्ट सांगता सांगताच पटायची. आणि मला ती सांगताना फार बरं वाटायचं, हे आधी कबूल करतो.

15 सप्टेंबर 2017 ला ही गोष्ट अडखळली. पुढच्या महिन्यात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात भरणार होता, त्याचे काही सामने नवी मुंबईत होते, म्हणून राज्य सरकारने त्या दिवशी महाराष्ट्रभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं होतं. आमच्या शाळेतही नवे कोरे चेंडू आले. कबड्डीच्या मैदानावरच चुना टाकून गोल आखले. सामना सुरू होण्याआधी मी सवयीने 1950 ची गोष्ट लावली. संपली तशी सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, मंग पात्र होयाले आपन कोनाले हरवलं होतं जी?"

"बऱ्याच देशांना," मी म्हणालो आणि शिटी वाजवली.

शुद्ध थाप होती ती. मी कोणालाच सांगू शकलो नसतो, कारण मला माहीतच नव्हतं. आणि मी काही खेळातला अडाणी नव्हे. मंडईची जत्रा आटोपली, धान कापून चुरून झालं की आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे खुले सामने होतात. रात्रीचे, दिव्यांच्या उजेडात, थंडीत कुडकुडत. त्यांची भाग्यपत्रिका काढायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. पितळी तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, एखाद्या लहान पोराला उचलायला लावायच्या. एकवीस संघ आले तर बत्तिसांतून एकवीस वजा, म्हणजे अकरा संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. हा हिशेब मी झोपेतही करीन. पुढे चाल मिळालेला संघ दुसऱ्या फेरीत पोचतो, पण त्याने कोणाला तरी पाडलं असं गावात कोणी म्हणत नाही. म्हटलं तर लोक हसतील.

मग मी वाचायला बसलो. 1950 च्या पात्रता फेरीत आपल्या गटात ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स होते. तिघांनीही माघार घेतली. आपल्याला पुढे चाल मिळाली. एकही सामना न खेळता आपण वर्ल्ड कपला पात्र! पुढे इटली, स्वीडन आणि पॅराग्वेच्या गटात आपलं नावही पडलं होतं. यजमान ब्राझीलने प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची तयारी दाखवली होती. तरी आपण गेलो नाही. लांबचा समुद्रप्रवास, सरावाला न उरलेला वेळ, संघटनेतले मतभेद, अशी कारणं निघतात. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं की वर्ल्ड कप एवढा मोठा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होतं.

आणि बूट? 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. दोन पेनल्टी दवडून फ्रान्सकडून 2-1 असे हरले होते. ते मी सांगायचोच. पण 1952 ला हेलसिंकीतही आपले काही जण अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने दहा गोल केले, हे मी कधी सांगितलं नाही. 1950 ला बुटांनी अडवलं असतं तर 1952 ला कोणी अनवाणी उतरू दिलं असतं? एवढा साधा प्रश्न बावीस वर्षांत मला पडला नाही.

सगळ्यांत खटकलं ते पुढचं. त्या फुकटच्या पात्रतेनंतर वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतला आपला पहिला सामना झाला तो थेट 1985 साली. मधली पस्तीस वर्षं आपण त्या मैदानात उतरलोच नाही. मेलबर्नच्या 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये गोव्याच्या मातीतल्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, आपण चौथे आलो. तो संघ जगात कुठेही उभा राहिला असता. त्या पिढीला आपणच पात्रता फेरीला पाठवलं नाही. त्यात गोऱ्यांचा काय दोष?

एवढं कळूनही माझं मत पुरतं बदललं नाही. माणसाला अन्यायाची गोष्ट सुटता सुटत नाही; एक हातची गेली की तो दुसरी शोधतो. मी म्हणू लागलो, आशियाला जागाच कमी. 2022 च्या वर्ल्ड कपला युरोपला तेरा आणि अख्ख्या आशियाला साडेचार. ही अर्धी जागा म्हणजे दुसऱ्या खंडाच्या संघाशी आणखी एक लढत. टपरीवर मी हे आकडे तावातावाने मांडायचो. मग फिफाने 2026 साठी बत्तिसाचे अठ्ठेचाळीस संघ केले, तेव्हा हा पैशांचा बाजार आहे अशी टीकाही मीच केली आणि आता आपला नंबर लागणार असा हिशेबही मनात मीच केला. आशियाला आता आठ जागा, वर एक अर्धी.

आशियातून तिथे पोचायचा रस्ता असा होता. मानांकनात तळाच्या वीस संघांनी आधी आपसांत खेळायचं. त्यातले दहा आणि वरचे सव्वीस मिळून छत्तीस. चार-चारांचे नऊ गट, साखळी पद्धत, घरी एक सामना आणि त्यांच्याकडे एक. गटातले पहिले दोन पुढे. मग अठरांचे तीन गट, प्रत्येकातले दोन थेट वर्ल्ड कपला. तिसऱ्या-चौथ्यांनाही आणखी एक फेरी. म्हणजे आमच्या कबड्डीसारखं एकदा पडला की घरी, असं नाही. चुकायला, सावरायला, पुन्हा चुकायलाही जागा. आपण तळाच्या विसांत नव्हतो, थेट छत्तिसांत होतो. गट होता कतार, कुवेत, अफगाणिस्तान. दार अरुंद आहे असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

11 जून 2024. दोहाला शेवटचा सामना. आपल्या छांगतेने गोल केला, आपण 1-0 ने पुढे. मोबाईलवर डोळे लावून आम्ही चौघे अंगणात. मग 73 व्या मिनिटाला चेंडू सरळसरळ रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि गोल झाला. पंचांनी दिला. त्या फेरीत व्हिडिओ पाहून निर्णय फिरवायची सोय नव्हती. पुढे आणखी एक गोल झाला, 2-1, आपण बाहेर. मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटलो, लुटलं आपल्याला.

तो गोल चुकीचाच होता. आजही माझं तेच म्हणणं आहे. पण तिसऱ्या दिवशी, पऱ्ह्यासाठी आणलेल्या बियाण्याच्या पावतीमागे मी सहज गुणतक्ता मांडला. भाग्यपत्रिकावाल्याचा हात, दुसरं काय. कुवेतला त्यांच्या घरी हरवलं, तीन गुण. कतारकडून भुवनेश्वरला 0-3. अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी. पुन्हा अफगाणिस्तान, गुवाहाटीला, आपल्या घरी: कर्णधार छेत्रीच्या पेनल्टीने पुढे होतो, शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन 1-2 ने हरलो. कोलकात्याला कुवेतशी पुन्हा 0-0. सहा सामन्यांत आपले गोल तीन. गुण पाच. कुवेतचे सात.

गुवाहाटीला अफगाणिस्तानला हरवलं असतं तर दोहाला हरूनही आपले आठ गुण होते आणि आपण पुढे गेलो असतो. त्या अफगाणिस्तानला स्वतःच्या देशात सामना खेळवायची सोय नाही; त्यांचा 'घरचा' सामना सौदीतल्या अभा शहरात झाला होता. आणि दोहाला कतारने, स्वतः आधीच पुढे गेलेला असल्यामुळे, बरीचशी नवखी पोरं उतरवली होती. पावती मी घडी करून खिशात ठेवली. टपरीवर कोणाला दाखवली नाही. लाज वाटली.

त्यानंतर 2027 च्या आशिया कपची पात्रता. गटात बांगलादेश, हाँगकाँग, सिंगापूर. या वेळी कोणाचं नाव घ्यायला जागाच नव्हती. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने 2-1 ने हरवलं आणि आपली वाट बंद झाली. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 ने हरवलं. त्याच तारखेला तिकडे जमैकात कुरसावने 0-0 अशी बरोबरी साधून वर्ल्ड कप गाठला. वस्ती दीड लाखाच्या आसपास, आपल्या भंडारा जिल्ह्याचा जेमतेम आठवा हिस्सा. वर्ल्ड कपला गेलेला आजवरचा सर्वांत लहान देश. त्यांचे बरेच खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, आणि अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यजमान म्हणून आधीच आत गेल्याने त्यांची वाट मोकळी झाली, हेही खरं. जुना मी तेवढंच सांगून थांबलो असतो. पण ते दहा सामने खेळले आणि एकही हरले नाहीत. त्यांना कोणी पुढे चाल दिली नव्हती.

मला खरं हलवलं ते मात्र मुलींनी. 2022 चा महिलांचा आशिया कप आपल्याच महाराष्ट्रात होता, मुंबई, नवी मुंबई, पुणे. यजमान म्हणून आपल्याला फुकट प्रवेश. इराणशी 0-0 झालं आणि मग संघात कोरोना शिरला. तैवानच्या संघासमोर उतरवायला पुरेसे खेळाडू उरले नाहीत, स्पर्धेतूनच बाद. तेव्हाही मी नशिबाला शिव्या घातल्या होत्या. पुढच्या वेळी फुकट काही नव्हतं. 2025 च्या उन्हाळ्यापासून तयारी आणि मग थायलंडमधल्या चियांग माईत पात्रता फेरी: मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. शेवटी यजमान थायलंडच समोर, जिंकेल तो ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपला. 5 जुलै, आमच्याकडे रोवणीची लगबग. बंगालच्या संगीता बासफोरने दोन गोल केले आणि आपण 2-1 ने जिंकलो. पात्रता फेरी जिंकून महिला संघ आशिया कपला गेल्याची ही पहिलीच वेळ. सातवीतल्या त्या मुलीने हा निकाल पाहिला असता तर तिला 'कोनाले हरवलं' असं विचारावं लागलं नसतं. चारही नावं तक्त्यात लिहिलेली होती.

मुलांना अन्यायाची गोष्ट सांगणं सोपं असतं. ती ऐकून कोणालाही दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पळावं लागत नाही, सांगणाऱ्याला तर नाहीच. मी बावीस वर्षं ते सोपं काम केलं.

मी आता निवृत्त आहे. भाग्यपत्रिका अजून काढतो. करडी-मोहाडीकडच्या माझ्या कोणत्याही वर्गात ती बुटांची गोष्ट ऐकलेलं कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी ती आपल्या मुलांना सांगू नये. आणि तू, त्या दिवशी मैदानावर उभी राहून विचारणारी, कुठे असशील तिथे तुझं उत्तर घे: कोणालाच नाही.