त्र्याऐंशी लाख ठिपके

दिवाळीआधीचा रविवार आमच्या घरी माळा आवरण्याचा असतो. सौभाग्यवतींनी खाली उभे राहून हुकूम सोडायचे आणि मी शिडीवर उभे राहून शिंकायचे, अशी कामाची वाटणी आहे. यंदा आकाशकंदिलाचा सांगाडा शोधता शोधता हाताला एक पत्र्याची ट्रंक लागली. खाली उतरवून उघडली, तर आमच्या चाळीस वर्षांच्या संसारातले सारे थर तिच्यात एकावर एक बसलेले! तळाशी विटांसारख्या व्हिडिओ कॅसेटी, त्यांवर व्हीसीडी, त्यांवर डीव्हीडी आणि सगळ्यांत वर निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे तबकड्या.

"अहो, हा एकच सिनेमा तीनदा कशाला घेतलात?" हिने विचारले.

सिनेमा होता 'पथेर पांचाली'. एक कोणीतरी दूरदर्शनवरून उतरवून दिलेली कॅसेट, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे. त्यातली ब्लू-रे मी अमेरिकेहून मोठ्या हौसेने मागवली होती. ती आमच्या यंत्रात घातली तेव्हा यंत्राने पडद्यावर नम्रपणे कळवले की ही तबकडी या प्रदेशासाठी नाही. अमेरिकेचा प्रदेश वेगळा, आपला वेगळा. तबकड्यांनाही सोवळेओवळे असते हे मला त्या दिवशी कळले.

आता चौथ्यांदा तोच सिनेमा घ्यावा असा आग्रह माझा पुतण्या करीत होता. हा मुलगा चार वर्षे अमेरिकेत काढून गेल्या वर्षी पुण्यात परतला आणि बाणेरला राहतो. येताना त्याने अल्ट्रा एचडी तबकड्यांचे यंत्र आणले. २०१६ साली या तबकड्या बाजारात आल्या. त्या दिवाणखान्यात आल्यापासून हा पोरगा आमच्या टीव्हीकडे, एखाद्या डॉक्टरने बरा न होणाऱ्या रोग्याकडे पाहावे, तसा पाहू लागला होता.

"काका, हिशेब करा," तो म्हणाला. "व्हीसीडीच्या चित्रात ठिपके एक लाख. डीव्हीडीत चार लाख. ब्लू-रेत वीस लाख. आणि यात त्र्याऐंशी लाख! शिवाय रंगांच्या छटा एक कोटी सदुसष्ट लाखांवरून एकशे सात कोटी."

"आमच्या घरात साडीच्या दुकानात गेल्याशिवाय इतक्या छटांची चर्चा होत नाही," मी म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याच्या छटा मात्र मी चाळीस वर्षांत पुरत्या ओळखल्या आहेत.

मी जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासल्या. कोणी आकडा सांगितला की तो पडताळून पाहण्याची खोड जडली आहे. हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचे अंतर मोजले. दहा फूट भरले. टीव्ही त्रेचाळीस इंची. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनापर्यंतचे बारकावे वेगळे दिसतात. त्या हिशेबाने आमच्या टीव्हीवर ब्लू-रेचे वीस लाख ठिपकेसुद्धा साडेपाच फुटांपलीकडून एकमेकांत मिसळून जातात. दहा फुटांवर बसणाऱ्या माणसाने त्र्याऐंशी लाखांचे पैसे मोजायचे म्हणजे न ऐकू येणाऱ्या गाण्यासाठी पुढच्या रांगेचे तिकीट काढायचे!

"मग पुढे बसा," पुतण्या म्हणाला.

"माझी आई मला टीव्हीजवळ बसलो म्हणून धपाटे घालायची," मी म्हणालो, "आणि आता पुढे बसायला मिळावे म्हणून यंत्र घ्यायचे?"

पण तो हटला नाही. त्याचा टीव्ही पासष्ट इंची, सोफा सात फुटांवर. "एकदा येऊन बघा, मग बोला," असे त्याने बजावले, आणि आम्ही उभयता रविवारी बाणेरला गेलो.

आधी त्याने १९६२ सालचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' लावला. खरे सांगायचे तर मी मनात प्रतिवाद तयार ठेवून बसलो होतो. तो वाळवंटातच विरघळला. उन्हात तापलेल्या वाळूचा झगझगाट आणि त्याच चित्रातल्या सावलीतली बारीक घडी, दोन्ही एकाच वेळी दिसत होती. ठिपक्यांपेक्षा ही उजेड-अंधाराची ऐसपैस रेंज अधिक मोलाची आहे, हे मला तेथे पटले. ती दहा फुटांवरूनही दिसते. फक्त टीव्ही तितका उजेड देणारा हवा.

"पण नव्या चित्रपटांचे काय?" मी विचारले.

येथे पुतण्या जरा अडखळला. गंमत अशी आहे की डबीवर फोर-के लिहिलेला प्रत्येक चित्रपट मुळात तसा नसतो. या शतकातले पुष्कळ चित्रपट संगणकावर पुरे झाले ते त्याहून निम्म्या रुंदीच्या आकारात, आणि तबकडीसाठी ते नुसते ताणले गेले. हिने लगेच निकाल दिला: "पोळी लाटून मोठी केली तरी कणीक तेवढीच ना!" उलट जुना चित्रपट फिल्मवर काढलेला असतो. त्याची मूळ निगेटिव्ह जपलेली असली तर तिच्यात डीव्हीडीला कधी पेलला नाही एवढा तपशील असतो. नव्या यंत्राचा खरा लाभ नातवांपेक्षा आजोबांना होतो, म्हणजे चित्रपटांतल्या आजोबांना.

"आणि हे सगळे इंटरनेटवरून घरबसल्या येतेच की," ही म्हणाली.

"काकू, ते नळाचं पाणी," पुतण्या म्हणाला. "नळ बारीक असतो. तिकडून सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट येतात, तबकडीवरून शंभरापर्यंतही जातात. अंधारातलं दृश्य किंवा धुकं लागलं की फरक कळतो."

"आणि नळ कधी जाईल याचा नेम नाही," ही एकदम म्हणाली. तिला आपली जखम आठवली होती. श्रावणात तिने एक जुना चित्रपट अर्धा पाहून ठेवला होता, उरलेला गौरी-गणपतीनंतर पाहू म्हणून. पाहायला गेली तर तो तेथून नाहीसा झालेला. वर्गणी भरलेली, पण चित्रपट गेला! तबकडी कपाटातून आपोआप उठून जात नाही, हा तिच्या बाजूने मोठाच मुद्दा होता.

मग पुतण्याने 'पथेर पांचाली' लावला. अपूच्या तिन्ही चित्रपटांचा हा संच अमेरिकेत २०२४ साली निघाला. या नव्या तबकड्यांना प्रदेशाचे सोवळे नाही, त्यामुळे तो पुण्यातही मुकाट्याने चालला.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी, वाड्यातल्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. रविवारी दुपारी दूरदर्शनवर इतर भाषांतले चित्रपट दाखवीत. खोलीत पंधरा माणसे, चित्रात मुंग्या, भाषा बंगाली आणि खालच्या ओळी इंग्रजी. आमचे अण्णा दाराशी पाट घेऊन बसले होते. हरिहर परगावाहून परततो, पिशवीतून एकेक वस्तू काढतो, दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि सर्वजया कोसळते. त्या क्षणी अण्णा उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेलो तर ते नळाशी तोंड धूत होते. "माझी धाकटी बहीण अशीच गेली," एवढेच म्हणाले. अण्णांना बहीण होती, हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

आता त्याच चित्रपटात पहिल्या पावसाआधी तळ्यावर नाचणारे किडे एकेक वेगळे दिसत होते. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. आणि पुतण्या सांगत होता की हे चित्र आगीतून आले आहे. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि सत्यजित राय यांच्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. जे वाचले ते अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहालयात वीस वर्षे पडून होते. मग इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती वाळून ठिसूळ झालेली फिल्म औषधी द्रावणात मऊ केली, चिकटलेले मेण आणि डिंक काढले, कडेची फाटलेली भोके हाताने पुन्हा घडवली. जवळजवळ एक हजार तास हे काम चालले. तरी 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भागच मूळ निगेटिव्हमधून घेता आला. बाकीचा इतर प्रतींवरून.

हरिहरने साडी काढली. सर्वजयाचे रडणे ऐकू येत नाही; तेथे तारशहनाई वाजते. माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला. चित्र वीसपट स्पष्ट होते. पण खरे सांगतो, दुःख त्या मुंग्यांच्या चित्रात होते तेवढेच होते. जास्त नाही, कमी नाही.

घरी येताना रिक्षात ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जळलेली फिल्म दुरुस्त होते, मग मामंजींची ती कॅसेट?"

ती कॅसेट म्हणजे १९९१ सालचे माझ्या बहिणीचे लग्न. त्यानंतर पाच वर्षांनी अण्णा गेले. हलते-बोलते अण्णा जगात फक्त त्या एका फितीवर होते आणि ती फीत ट्रंकेच्या तळाशी होती. रात्री काढून दिव्याशी धरली, तर कडेला पांढरी बुरशी. 'पथेर पांचाली' मी तीनदा घेतला, चौथ्यांदा घ्यायला निघालो होतो. त्याची काळजी वाहणारे लोक जगभर आहेत. या कॅसेटची चिंता करणारे आम्ही दोघेच होतो, आणि आम्हीही तीस वर्षे केली नव्हती.

यंत्राचे पैसे राखून ठेवले होते. त्यातले थोडे घेऊन मी शहरातल्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने आठ दिवस ती फीत हाताने पुसली आणि संगणकावर उतरवून दिली. दोन ठिकाणी चित्र तुटले आहे. ते आता कोणालाच सांधता येणार नाही. त्याच्या तीन प्रती केल्या: एक आमच्याकडे, एक बहिणीकडे, एक पुतण्याकडे.

आता मूळ प्रश्न. घ्यावे का हे यंत्र? मोठा टीव्ही असेल, आठ फुटांच्या आत बसायची तयारी असेल आणि जन्मभर पुन्हापुन्हा पाहावेत असे दहा-वीस चित्रपट मनात असतील, तर जरूर घ्यावे, आणि लवकर घ्यावे. कारण एकेक मोठी कंपनी ही यंत्रे बनवणे सोडून देत आहे. एकदाच पाहायच्या चित्रपटांसाठी मात्र घेऊ नये. आमच्या दहा फुटांसाठी मी घेतले नाही. अपूचा संच तेवढा पुतण्याला दिवाळीची भेट म्हणून मागवून दिला, कारण पाहिलेला संच त्याने मित्राकडून आणलेला निघाला. तबकड्या त्याच्या घरी, पाहायला आम्ही जाणार. वाड्यात एकाकडे टीव्ही आणि पंधरा घरांचे प्रेक्षक, तीच जुनी रीत.

भाऊबीजेला बहीणही बाणेरला आली होती. पुतण्याने लग्नाची फीत लावली. पंगतीत अण्णा तूप वाढीत येतात, कॅमेरा दिसताच थबकतात आणि म्हणतात, "माझं काय काढतोस? पंगतीचं काढ!" पुतण्या जन्मला तेव्हा अण्णांना जाऊन वर्ष झाले होते. आजोबांचा आवाज त्याने प्रथमच ऐकला. पासष्ट इंचांवर ते चित्र अगदी पुसट दिसत होते, चेहऱ्याच्या कडा विरघळलेल्या. तो काही बोलला नाही. उठला, आणि ज्या सोफ्याचे अंतर त्याने मोजूनमापून ठरवले होते तो त्याने भिंतीपर्यंत मागे ओढला. लांबून अण्णा जरा स्पष्ट दिसू लागले.

"पुन्हा लाव रे," बहीण म्हणाली.