गोठ्यातली होडी

आपल्या पेशाला मुळीच न शोभणारी अशी एक तरी वस्तू माणसाने जवळ बाळगावी, असे माझे जुने मत आहे. माझ्यापुरती ती वस्तू म्हणजे एक वेगवान मोटारहोडी होती. गेल्या महिन्यात ती मी विकली. तीस वर्षे वर्गात इंग्रजी कविता शिकवणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थाला त्या व्यवहारात एक जुनाच धडा नव्याने गिरवावा लागला.

२००६ साली कोलाडच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकला, त्या पैशांतून ही होडी आली. अठरा फूट लांब, फायबरची, मागे दीडशे अश्वशक्तीचे यंत्र. पूर्ण वेगात ती तासाला साठ किलोमीटर सहज ओलांडी आणि तेवढ्या वेळात पन्नास लिटरांहून अधिक पेट्रोल पिऊन टाकी. कुंडलिका आमच्या घराजवळूनच वाहते, पण तिच्यात ही होडी कधी उतरली नाही. कोलाडची कुंडलिका ही बरीचशी उसन्या पाण्यावर जगणारी नदी. मुळशी धरणातले, एरवी पूर्वेकडे जायचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून इकडे उतरते. त्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. आज सकाळी पाणी सुटले की नदी फुगते, हौशी मंडळी रबरी तराफ्यांतून तिच्यावर हेलकावे घेतात. पाणी ओसरले की खडक उघडे पडतात. म्हणून माझी होडी गाडीमागे जोडून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीवर न्यावी लागे. एरवी तिचा मुक्काम घरामागच्या गोठ्यात. जिथे वडिलांचे बैल बांधले जात, तिथे ती चाकांच्या सांगाड्यावर बसून असे. शेजारी तिला 'सरांची म्हैस' म्हणत. खाणे भरपूर, दूध नाही!

मुलगा परदेशी स्थिरावला, माझे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा ती विकायचे ठरले. जाहिरात लिहायला बसलो. विद्यार्थ्यांच्या निबंधांतली विशेषणे खोडण्यात माझी हयात गेली. पण स्वतःची वस्तू विकायची म्हटल्यावर ती कशी झरझर सुचली! 'उत्तम स्थिती, एकहाती वापर' एवढे लिहिले आणि लेखणी अडली.

कारण होडीच्या पोटाला एक ठिगळ होते. २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत ओहोटी लागलेली असताना, पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती सुकाणू देऊन मी शेजारी ऐटीत बसलो होतो. पाण्याखालच्या खडपावर ती आदळली आणि पोट फुटले. एका मच्छीमाराने ओढून काठाला लावले म्हणून निभावले. पुढे एका कारागिराने ती जखम अशी सांधली, की हात फिरवून मलाही जागा सापडेना. मुलगा मात्र पुन्हा कधी सुकाणूला बसला नाही. माझे एक वकील स्नेही म्हणाले, "विचारले तर खरे सांगा. न विचारता सांगणे हा प्रामाणिकपणा नव्हे, भाबडेपणा आहे." युक्तिवाद बिनतोड होता, आणि सोयीचाही.

मालवणहून एक तरुण होडी पाहायला आला. पर्यटकांना समुद्रात फिरवण्याचा त्याचा धंदा. प्रथम त्याने यंत्राचा मीटर पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "फक्त ४१२ तास! सर, तुम्ही ही वापरलीच नाही." मी मनाशी हिशेब केला. ४१२ तास म्हणजे पुरते साडेसतरा दिवसही भरत नाहीत. एकोणीस वर्षे मी जिचा मालक म्हणून मिरवलो, तिच्या सहवासात माझे सतरा दिवस गेले होते. बाकीची वर्षे मी होडीचा नव्हे, होडीच्या कागदांचा मालक होतो.

त्याने प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला, पंखा फिरवून पाहिला. मग खिशातले नाणे काढून, कान लावून, तो होडीचे पोट ठोकू लागला. फायबरच्या थरांत पाणी शिरले असेल तर आवाज बद्द येतो. नाणे ठिगळावरून गेले. आवाज इतर ठिकाणासारखाच खणखणीत. त्याने मान डोलावली. "साडेतीन लाख. ठरले, सर."

मी दावणीच्या जुन्या खुंट्यापाशी उभा होतो. याच जागी वडिलांनी एकदा बैल विकला होता. गिऱ्हाइकाने दात मोजले, वशिंड चाचपले, पैसे काढले; तेव्हा वडील म्हणाले, "चिखलणीत हा कधीकधी बसतो. मारू नका. थोडे थांबा, आपण होऊन उठतो." पैसे कमी झाले. आई दोन दिवस धुसफुसत होती. वडिलांचे म्हणणे एवढेच, की बैल विकावा तो खोड सांगून. नाहीतर तिकडे तो बसेल आणि मार खाईल.

मी त्या तरुणाला ठिगळ दाखवले. तो गप्प झाला, पुन्हा ठोकून पाहिले, आणि चाळीस हजार कमी केले. मग होडी पाण्यात उतरवून यंत्र चालवून पाहण्याचा त्याचा बेत होता, तो त्याने आपणच सोडला. "आता यंत्राबद्दल तुम्ही सांगाल ते धरतो," तो म्हणाला. यंत्राच्याही दोन खोडी मी सांगितल्या. वापराच्या हिशेबाने मी नाममात्र मालक ठरलो होतो. पण तिचे दुखणे मला ठाऊक होते, आणि तेवढीच काय ती माझी खरी मालकी होती, असे मला वाटले.

महाराष्ट्र सागरी मंडळाकडच्या नोंदणीत नाव बदलण्याचे अर्ज भरले, होडी ट्रकवर चढली, गोठा मोकळा झाला. रात्री मुलाचा फोन आला. किंमत त्याने विचारलीच नाही.

"बाबा, त्या खडपाचं सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"किती गेले?"

"चाळीस हजार."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला. चौदा वर्षांत त्या प्रसंगावर तो प्रथमच हसला.

"माझ्या नावावर मांडा," तो म्हणाला.