निरगाठ आणि सुरगाठ

जड वस्तू आपल्या भारानेच जागच्या जागी राहते. पाटा-वरवंटा कोणी दोरीने बांधून ठेवीत नाही. अंगणात वाळत घातलेल्या उपरण्यास मात्र चिमटा लावावा लागतो, आणि वाऱ्यात मांडलेल्या रिकाम्या पत्रावळीवर पाण्याचे भांडे ठेवावे लागते. जी वस्तू जितकी हलकी, तितकी तिला बंधनाची गरज अधिक. आणि गंमत अशी की, हलकेपणामुळेच तिला बांधण्याचा आपणांस कंटाळा येतो. ‘एवढीशी तर आहे, कोठे जाणार?’ असे आपण म्हणतो, आणि नेमकी तीच जाते.

हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो हवा भरलेल्या एका रबरी चकतीमुळे. हल्ली दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत आमच्या महाड-पोलादपुराकडची कुटुंबे मुलाबाळांसह श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे जातात. तेथे यंत्राच्या होडीमागे दोर बांधून एक मोठी फुगविलेली ट्यूब ओढतात. तिच्यावर दोघे-तिघे पोटावर पालथे पडतात, आणि लाटांवर उसळ्या घेत आरोळ्या ठोकतात. मुलांस हा खेळ अतिशय प्रिय आहे. आम्हीही त्याचे वैरी नाही. ओढत असता काय जपावे, हे पालक विचारतात. जीवरक्षक जाकीट घट्ट आवळले आहे की नाही, हेही पाहतात. परंतु ट्यूब पाण्यात नसून होडीत ठेवलेली असते, त्या वेळी तिला कशी बांधली आहे, इकडे कोणाचेच लक्ष नसते. आमच्या अनुभवाने धोका तेथेही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फुगविलेल्या वस्तूचा आधार घेऊन पाणी तरणे ही कल्पना नवी नव्हे. रबराची पहिली उपयुक्त हवाई धाव डनलॉपने 1888 साली केली खरी. परंतु त्याच्याही पूर्वी हजारो वर्षे माणूस कातड्यात हवा कोंडीत आला आहे. असुर देशाच्या नवव्या शतकातील, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातील, शिलाचित्रांत फुगविलेली कातडी छातीशी धरून नदी पोहणारे सैनिक कोरलेले आहेत. ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्याकडे या कातड्याच्या पिशवीस ‘दृति’ म्हणतात. कौटिल्याने सेनेला पाणी उतरविण्याची जी साधने सांगितली आहेत, त्यांत भोपळ्यांबरोबर ही दृतिही आहे. मनुस्मृतीत तर तिचा दृष्टांतच आहे: पखालीच्या एका छिद्रातून जसे पाणी पाझरते, तशी एका इंद्रियाच्या स्वैरपणाने माणसाची प्रज्ञा पाझरते.

परंतु नुसती दृति किंवा नुसता भोपळा पुरत नाही. त्यांना एकत्र बांधावे लागते, आणि त्या बांधणीलाच आपण ‘सांगड’ म्हणतो. संस्कृतातील ‘संघाट’ शब्दाचे हे मराठी रूप. दोन गोष्टींची सांगड घालावी, असे आपण रोज म्हणतो, पण त्या शब्दात मुळात नदी आहे, हे विसरून गेलो आहोत. हाच संघाट शब्द मलबार किनाऱ्यावरील भाषेतून पोर्तुगीजांनी उचलला, आणि आज ब्राझील देशातील मच्छीमारांच्या तराफ्यास ‘जंगादा’ म्हणतात, तो याच शब्दाचा दूरचा नातू होय. पाहा, मूळ शब्दाने नाव घेतले ते तरंगणाऱ्या वस्तूचे नव्हे, तर बांधण्याचे!

गेल्या माघात आम्ही घरची नऊ माणसे घेऊन श्रीवर्धन तालुक्यातील एका किनाऱ्यावर गेलो होतो. होडीवाला तरुण व उमदा होता. मोठी दोन माणसांची ट्यूब त्याने होडीच्या मागच्या भागात उभी टेकविली, तिच्या मुठीतून एक सुतळीसारखी बारीक दोरी ओवली, आणि एका बाकाला गुंडाळून यंत्र सुरू केले. ट्यूबशेजारी आमचा दहा वर्षांचा नातू बसला होता. ती हलू नये म्हणून त्याने बिचाऱ्याने तिची मूठ दोन्ही हातांनी धरली. कोणीही मूल हेच करील. किनाऱ्याचा आडोसा संपताच समोरून वारा लागला. ट्यूब एकदम पालासारखी फुगून उठली, दोरी तुटली, आणि मुलगा बाकावरून उचलला जाऊन काठावर आदळला. होडीत एक वृद्ध तांडेल बसला होता. त्याने एका हाताने मुलाचे जाकीट पकडले व ओरडून सांगितले, “सोड रे बाळा, हात सोड!” मुलाने हात सोडला. ट्यूब वीस हात लांब जाऊन पाण्यात पडली. मुलाच्या कोपरास खरचटले, याहून अधिक काही झाले नाही. परंतु सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो आम्ही विसरलो नाही.

घरी आल्यावर आम्ही जुन्या सवयीप्रमाणे पाटी-पेन्सिल घेतली. ट्यूबचा व्यास 1.8 मीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर होते. होडी ताशी 25 किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोरून 15 किलोमीटरचा वारा येत आहे, असे समजा. म्हणजे ट्यूबच्या दृष्टीने वारा 40 किलोमीटरचा झाला. अशा वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरवर साडेसात किलोग्रॅमच्या आसपास असतो. ट्यूब त्यास पुरती आडवी सापडली, तर तिच्यावर सुमारे 19 किलोग्रॅमचा रेटा बसतो. आणि ट्यूबचे स्वतःचे वजन मात्र दहा-पंधरा किलोग्रॅम! वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट, म्हणजे 60 किलोमीटर झाला, की रेटा सव्वादोनपट, म्हणजे 42 किलोग्रॅमच्या वर जातो. दहा वर्षांच्या मुलाचे वजन सर्वसाधारणपणे तीस किलोग्रॅमच्या आसपास. यावरून मुलाने ट्यूब धरली नव्हती, ट्यूबनेच मुलास धरले होते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

ट्यूब परत आणल्यावर त्या तांडेलाने ती पुन्हा कशी बांधली, ते आम्ही बारकाईने पाहिले. तो म्हणाला, “गुरुजी, वाऱ्याला तोंड दिसलं नाही पाहिजे.” प्रथम त्याने झडप उघडून निम्मी हवा काढून टाकली, लांब जावयाचे असेल, तर हाच उत्तम उपाय. मग ती उभी न ठेवता मागच्या भागात, बाकांच्या आडोशास, तळाशी सपाट निजविली, म्हणजे तिच्या पुढच्या काठाखाली वारा शिरावयास जागाच उरली नाही. दोन दोर त्याने तिच्यावरून फुलीसारखे टाकले, आणि त्यांची चार टोके होडीच्या अंगात पक्क्या बसविलेल्या चार कड्यांना, तीही तळाजवळच्या कड्यांना, ओढून बांधली. बाक, कठड्याची बारीक नळी, छताचा खांब यांस त्याने हात लावला नाही. ट्यूबच्या कापडी मुठीही वगळल्या. मुठी माणसाच्या पंजासाठी शिवलेल्या असतात. हिसक्याने त्या उसवतात. ओढण्याच्या दोरासाठी ट्यूबला जी भक्कम कडी असते, तिच्यातून त्याने आणखी एक पाचवा दोर घेतला. जेथे दोर लोखंडाच्या धारेवर घासत होता, तेथे जुन्या फडक्याची घडी दिली. शेवटी ओढण्याचा लांब दोर वेटोळे करून पोत्यात भरला. कारण त्याचे मोकळे टोक पाण्यात पडले, तर ते यंत्राच्या पंख्यात गुरफटते, आणि मग ना होडी चालते, ना वळते. एवढे करून तो सुकाणूवरच्या तरुणाजवळ जाऊन उभा राहिला व मागे वळून पाहिले. ट्यूबमुळे मागचे पाणी दिसेनासे होत नाही ना, याची ती परीक्षा होती.

होडी निघाल्यावर पाच मिनिटांनी त्याने यंत्र थांबवावयास लावले व सगळे दोर पुन्हा चाचपले. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो इतकेच म्हणाला, “ऊन खाऊन फुगते, पाणी लागलं की बसते.” शास्त्रही हेच सांगते. 27 अंशांवर भरलेली हवा उन्हात तापून 57 अंशांवर गेली, तर ती एक दशांशाने प्रसरण पावू पाहते. किनाऱ्यावर तापलेल्या ट्यूबवर आवळलेला दोर त्या वेळी तंग वाटतो. तुषारांनी ती थंड झाली, की तोच दोर ढिला पडतो. शिवाय सुताचा किंवा अंबाडीचा दोर भिजला म्हणजे आखडतो, पण आजचा नायलॉनचा दोर भिजल्यावर आणि ताणल्यावर थोडा लांबतो. म्हणून एकदा बांधून भागत नाही. दृतीस एक छिद्र पुरे होते, तशी बांधणीस एक सैल गाठ पुरे होते.

आता गाठीविषयी. तांडेलाने दोराचे एक टोक कडीला निरगाठीने बांधले होते आणि दुसरे सुरगाठीने. निरगाठ म्हणजे जी ओढावी तितकी घट्ट बसते. सुरगाठ म्हणजे जी भार सोसते, पण मोकळे टोक ओढताच उलगडते. दोन्ही टोकांना सुरगाठी असत्या, तर धक्क्याने दोन्ही सुटण्याचे भय. दोन्ही निरगाठी असत्या, तर होडी कलंडताना किंवा कोणी पाण्यात पडले असता ट्यूब सोडून त्याच्याकडे फेकता आली नसती. बुडत्या माणसास तीच ट्यूब आधार होते, हे विसरू नये.

सुरगाठीचे मोल आमच्या घरास पूर्वीच कळले होते. 22 जुलै 2021 चा महापूर महाडकर कधी विसरणार नाहीत. सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून आमच्याकडे येते. आणि त्या दिवसांत महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. इकडे तळिये येथे दरडीखाली ऐंशीच्या वर माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. आमच्या आळीत पाणी माजघरात शिरले व चढू लागले. थोरल्या वहिनी अंथरुणास खिळलेल्या. आमच्या माळ्यावर त्यांना नेणे शक्य नव्हते. पलीकडच्या उंच घरात न्यावयाचे, तर मधे छातीभर वाहते पाणी. घरातील मुलांनी मालमोटारीच्या दोन ट्यूबा फुगवून त्यांवर कपाटाचे दार बांधले आणि वहिनींना त्यावर निजविले. जी सांगड आम्ही जन्मभर व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहीत आलो, ती त्या दिवशी डोळ्यांसमोर तरंगत होती.

सावित्रीत नाव चालविलेला आमचा एक शेजारी मदतीस होता. मुले तराफा खिडकीच्या गजास निरगाठीने बांधू लागली, तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. पाणी चढते आहे. दोर तेवढाच राहिला, तर तराफा एका अंगाने खाली ओढला जाईल व माणूस घसरेल, असे तो म्हणाला. त्याने सुरगाठ मारली, तिचे टोक आमच्या पुतण्याच्या हाती दिले आणि दोनदा दोर वाढवून घेतला. इतक्यात वरच्या अंगाने एक मोठा ओंडका वाहत आला. “सोड!” एवढाच शब्द, पुतण्याने टोक ओढले, गाठ सुटली, तराफा प्रवाहाबरोबर भिंतीकडे सरकला आणि ओंडका हातभर अंतरावरून निघून गेला. पोहणाऱ्या मुलांनी तराफा पुन्हा धरला. वहिनी पुढे दोन वर्षे जगल्या. देवघरातील फुलपुडीचा दोरा सोडतानासुद्धा त्या म्हणत, “भावोजी, ही सुरगाठ आहे ना?”

त्याही आधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, महाड-पोलादपूर रस्त्यावरील सावित्रीचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. शोधार्थ आलेल्या जवानांच्या रबरी नावा आम्ही काठावरून पाहिल्या होत्या. नाव पाण्यात लोटण्यापूर्वी एक जवान प्रत्येक दोर हाताने चाचपून पाही. हवेवर तरंगणारी ती नाव, आणि खाली दोन गाड्या गिळून बसलेली नदी. मधे विश्वासास जागा होती ती त्या दोरांवरच.

म्हणून सुटीत समुद्रावर जाणाऱ्या आमच्या वाचकांस आमची विनंती आहे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी ट्यूब निजविलेली आहे की उभी, तिचे दोर पक्क्या कड्यांना आहेत की बाकाला, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. होडीवाला हसला तरी हसू द्यावे. चालत्या होडीत ट्यूबवर कोणासही बसू देऊ नये, आणि मुलांस आधीच बजावून ठेवावे की, ती उडू लागली तर धरावयाची नाही, हात सोडावयाचा. रबराची किंमत भरून देता येते. घरातील वडीलधाऱ्यांनी दुपारच्या निवांत वेळी एक हातभर दोरी घेऊन नातवंडांना या दोन गाठी शिकवाव्या. आमच्या नातवास निरगाठ एका दिवसात आली. सुरगाठीस चार दिवस लागले. हल्ली तो शाळेच्या दप्तराचा बंदही सुरगाठीने बांधतो, आणि बांधल्यावर टोक ओढून ती सुटते की नाही, हे एकदा पाहून घेतो.