पिशवीच्या तळाशी

धानाची मळणी आटोपली की तिरोड्याच्या आसपास हाताला काम उरत नाही. बांधीत लाखोळी पेरलेली असते, तिला फारसं बघावं लागत नाही. तेंदूपानाचा हंगाम उन्हाळा तापल्याशिवाय येत नाही. कुणी नागपूरला जातं, कुणी त्याहून लांब. मी पदवीची परीक्षा देऊन घरीच होतो. गावाजवळच्या नर्सरीत पिशव्या भरायला माणसं पाहिजेत असं कळलं आणि गेलो.

दोन टोपली माती, एक टोपलं रेती, एक टोपलं कुजलेलं शेणखत. आमच्या बांधीची माती चिकट. नुसती तीच भरली तर पाणी वरच तुंबतं आणि उन्हात तिचं ढेकूळ होतं, म्हणून वैनगंगेची रेती मिसळायची. पिशवीत थोडी थोडी माती टाकत ती जमिनीवर हलकी आपटायची. मधे पोकळी राहिली की पहिल्याच पाण्यात माती खचते, पिशवी मधेच मोडते आणि रोप कलतं. शेजारी बसलेल्या मावशी गप्पा मारत, खाली न बघता भरायच्या आणि त्यांची प्रत्येक पिशवी ताठ उभी राहायची.

या बाया जन्मभर धानाचे पऱ्हे टाकत आणि रोवणी करत आलेल्या. कोवळ्या मुळाला किती जोर लावायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. येन आणि बेहड्याची रोपं त्या दोन-चार पानांवर ओळखायच्या. बी जिवंत आहे का हे बघायला त्यातली काही चिरून आतला गर तपासायच्या. रोजगार हमीत हे काम अकुशल धरलं जातं. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात त्याचा दर दिवसाला २९७ रुपये होता. बी चिरून बघणाऱ्या त्या हातांना अकुशल म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सागाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्याच्या बियांचं कवच इतकं टणक की नुसत्या पेरून त्या नीट उगवत नाहीत. रात्री पाण्यात भिजवायच्या, दिवसा उन्हात पसरायच्या, असं बरेच दिवस चालतं. मग गादीवाफ्यावर पेरणी. तरीही उगवण एकदम होत नाही. आज इथे एक कोंब, आठवड्याने तिथे दुसरा. वर्षभराने रोपं उपटून स्टंप करतात. पानं, बारीक मुळ्या सगळं छाटून टाकायचं. वीतभर जाडसर सोटमूळ ठेवायचं आणि वर बोटाच्या पेराएवढं खोड. ती काडी हातात घेतली तर वाळलेली वाटते. पाऊस लागल्यावर सब्बलीने भोक पाडून जमिनीत घट्ट बसवली की तिलाच फूट येते. छाटणी एका घावात, धारदार पात्यानेच करायची. साल चिरली, सोलली गेली तर तिथून कूज शिरते.

पिशवीतल्या रोपांचं दुखणं वेगळं. मोह, बेहडा यांचं सोटमूळ पान वाढायच्या आत खाली धावतं. तळाला पोचलं की ते तिथेच वेटोळं घालतं किंवा छिद्रातून जमिनीत शिरतं. म्हणून ठरावीक दिवसांनी एकेक पिशवी उचलून जागा बदलायची, बाहेर आलेली मुळं छाटायची. भर उन्हाळ्यात, वाकून, ओळीमागून ओळ. वरून बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही, म्हणून हेच काम आधी टाळलं जातं. वेटोळं पडलेलं रोप लावल्यावर जगतंही, उंचही होतं. पण मूळ खोल गेलेलं नसतं, आणि पुढे कधीतरी वाऱ्यात ते झाड आडवं होतं. पिशवीऐवजी रूट ट्रेनरच्या साच्यात रोप वाढवलं तर हा त्रास कमी, कारण आतल्या उभ्या कंगोऱ्यांमुळे मूळ सरळ खाली जातं आणि तळाच्या भोकाशी हवा लागून थांबतं.

१ जुलै २०१६ ला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटींचं उद्दिष्ट होतं. असा आकडा वाचला की मी त्यामागच्या पिशव्या मोजायला लागतो. त्यातल्या किती वेळेवर हलवल्या असतील? लावताना पिशवी फाडून काढली असेल की तशीच खड्ड्यात ठेवली असेल? खड्डा किती खोल, फोटोत कोण, याआधी हे विचारलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जुलैत रोपं न्यायला गाड्या यायला लागतात आणि नेमकी तेव्हाच रोवणी सुरू होते. सकाळी निम्म्या मावशी बांधीत गेलेल्या असतात. स्वतःच्या शेतात नाहीतर दुसऱ्याच्या. त्यांना कोण अडवणार? राहिलेल्यांनी गाडी भरायची. घाईत हात आपसूक खोडाकडे जातो, आणि भिजलेल्या मातीच्या वजनाने आतली मुळं तुटतात. "रोप धरू नोको बाबू, पिशवी धर," हे मावशींनी इतक्यांदा सांगितलं की पुढे नव्या पोरांना मीही त्याच सुरात सांगू लागलो.

त्याच दिवसांत मोहाच्या टोरी, म्हणजे बिया, येतात. त्यांना ठेवून चालत नाही. काही आठवड्यांतच उगवणशक्ती घटते. कडुनिंबाचं आणि जांभळाचंही तसंच. म्हणून एकीकडे गाडी भरत असते आणि दुसरीकडे, जेमतेम दोन-तीन मावशी आणि मी, रिकाम्या झालेल्या जागेत नव्या पिशव्या मांडून टोरी टोचायला बसतो.