भुर्दंड कुणाला?

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

चि. छकुली,


तुझं पत्र परवा मिळालं. फोन सोडून पत्र लिहिलंस, म्हणजे मामला गंभीर आहे हे पाकीट बघूनच ओळखलं. आज आमच्या गल्लीत नळाचा दिवस. टाकी, पिंपं, कळश्या सगळं भरून झालं, आता निवांत लिहायला बसले आहे.

मीटिंगमध्ये चार जण तुझ्याकडे बघायला लागले की तुझी दातखीळ बसते. आणि हाताखालच्या मुलीकडून काही चुकलं की तोंडाचा पट्टा सुटतो; परवा तर सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढलीस. मोबाइलवर कुणीतरी सांगतं, 'आहात तसे स्वतःला स्वीकारा'. साहेब शेरा मारतात, 'सुधारणा आवश्यक'. कुणाचं ऐकू, असं विचारतेस.

तूर्त कुणाचंच ऐकू नकोस. आधी एक हिशेब मांड. त्या त्या उणिवेचा भुर्दंड कोण भरतं?

हा हिशेब मी आपल्या गावाकडूनच शिकले. ज्याने १६१० साली खडकीच्या जागी हे शहर वसवलं, तो मलिक अंबर लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढे तोच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मोगलांपुढे त्याची फौज तोकडी होती. बरोबरीची फौज उभी करायचा हट्ट त्याने धरला असता, तर खजिना आटला असता आणि राज्यही गेलं असतं. त्याने आपलं तोकडेपण मान्य केलं आणि लढाईची तऱ्हाच बदलली. हलके मराठे घोडेस्वार हाताशी धरायचे, समोरासमोरची गाठ टाळायची, शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि उजाडायच्या आत डोंगरात पसार व्हायचं. तू रोज ज्याच्याजवळून शाळेला जायचीस, तो भडकल दरवाजा १६१२ चा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून अंबरनेच तो उभारला.

पण याच माणसाने पाण्याच्या बाबतीत हा शहाणपणा दाखवला नाही, आणि तेच बरं झालं. या खडकाळ जागेला भरवशाची मोठी नदी नाही. 'गावच कोरडं, चालवून घ्या,' असं म्हणून तो मोकळा झाला असता, तर त्याच्या वाड्यात पखालींनी पाणी आलंच असतं. हाल झाले असते ते गल्लीबोळातल्या लोकांचे. म्हणून ती उणीव त्याने पत्करली नाही. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा करून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. सफाईला माणूस उतरावा म्हणून मध्ये मध्ये उभी तोंडं ठेवली. हे होणं नाही म्हणून हसणारेही दरबारात होते, असं सांगतात. हीच नहर-ए-अंबरी पुढे शतकानुशतकं वाहिली.

माणूस एकच, उणिवा दोन आणि उपाय दोन. फौजेची उणीव डावपेचांनी भरून निघत होती, तिच्यासोबत तो जगला. पाण्याच्या उणिवेने दुसऱ्यांचे घसे कोरडे पडणार होते, तिथे त्याने खणायला घेतलं.

आता त्याच्या शत्रूकडे बघ. जहांगीर बादशहाने आपलं व्यसन आत्मचरित्रात उघड लिहून ठेवलं आहे: दिवसा चौदा आणि रात्री सहा प्याले, तेही दोनदा गाळलेल्या कडक दारूचे. हात इतका थरथरे की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकिमाने धोक्याची सूचना दिल्यावर त्याने प्रमाण पुष्कळ उतरवलं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण दारू-अफू सुटली नाही आणि कारभार हळूहळू नूरजहानच्या हाती गेला. अंबरचं मुंडकं भाल्यावर टांगून आपण त्यावर बाण सोडतो आहोत, असं चित्र मात्र त्याने काढून घेतलं! ते आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. खरा अंबर त्याच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ साली म्हातारा होऊन गेला. नुसत्या कबुलीने जहांगीरचं व्यसन सुटलं नाही. तेव्हा, 'मी प्रांजळपणे कबूल करते, मी तापट आहे' असं तू लिहिलंस, त्याचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. कबुलीने तुझं मन हलकं होतं. ज्या पोरीने चारचौघांत बोलणी खाल्ली, तिला त्याचा काय उपयोग? 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण बहुधा एखाद्या रागीट माणसानेच काढली असावी.

तुझ्या बुजरेपणाचं तसं नाही. त्याची झळ मुख्यतः तुलाच लागते, आणि ती कमी करता येते. मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठव, बोलायची पाळी सुरुवातीलाच मागून घे, आकडे कागदावर ठेव. भाषण ठोकणाऱ्यांची आपल्या देशात काही टंचाई नाही. लिहून नेमकं सांगणारी एखादी असू दे.

मात्र या सवलतीची कायमची सनद करून घेऊ नकोस. समोरासमोरची लढाई टाळणाऱ्या अंबरला १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन भिडले. तिथे त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडलं, आणि शेवटी उघड्यावर झुंजून लढाई जिंकली. पळणं हा त्याचा डाव होता, बाणा नव्हता. तुझं गप्प बसणंही तसंच असावं. तुझ्या गप्प बसण्याने दुसऱ्या कुणावर नाहक ठपका येत असेल, तर त्या दिवशी त्याचा भुर्दंड तुझ्याकडून दुसऱ्याकडे गेला; मग दातखीळ बसो की घाम फुटो, बोलायलाच हवं.

म्हणून उद्याच्या मीटिंगचे तुझे मुद्दे खुशाल ई-मेलने पाठव. त्या मुलीची माफी मात्र लिहून मागू नकोस. ज्यांच्यादेखत तिला बोललीस, त्यांच्यादेखतच माग, आणि तोंडाने माग.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी