तुमच्या मुलीचा मेंटॉर कोण?

बारावीचा निकाल लागला की कोणत्या शाखेला जायचे यावर घरोघर खल चालतो. मामा, शेजारी, क्लासचे सर, सारेच सल्ला देतात. प्रवेश झाला की ही मंडळी आपापल्या कामाला लागतात आणि मूल कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर एकटेच उभे राहते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तो बोर्ड समजणेही सोपे राहिलेले नाही. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक; एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. सोय चांगली, पण घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलीला ती उलगडून कोण सांगणार?

यासाठी कॉलेजात मेंटॉर प्राध्यापक नेमलेले असतात. नॅकच्या मूल्यांकनात त्याची नोंद दाखवावी लागते, म्हणून वह्या तयार असतात. वर्षअखेरीस एका दुपारी साऱ्या सह्या उरकण्याचा प्रकारही नवा नाही. दोष एकट्या प्राध्यापकांचा नव्हे. बऱ्याच ठिकाणी या कामाला वेळापत्रकात तासच नसतो.

तालुक्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई मात्र निकालाची वाट पाहत नाहीत. पहिल्या महिन्यातच एकेका विद्यार्थ्याला बोलावतात. ‘अभ्यास कसा चाललाय?’ असे विचारले की ‘बरा’ एवढेच उत्तर येते, हे त्यांना ठाऊक आहे. त्या विचारतात, ‘एसटी कितीची?’

एका मुलीची एसटी सव्वाआठला पोचत होती आणि प्रॅक्टिकल साडेसातला. हजेरी भरली नसती तर टर्म गेली असती, आणि वर्ष वाया गेले तर घरचे स्थळ पाहणार होते. ती कुणालाच काही बोलली नव्हती. बाईंनी विभागप्रमुखांना भेटून तिची बॅच दुपारची करून घेतली. काम दहा मिनिटांचे!

सगळेच असे सुटत नाही. झोप उडालेल्या, जगणे नको म्हणणाऱ्या मुलाला उपदेश करण्याच्या फंदात बाई पडल्या नाहीत. समोर बसूनच त्याला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून दिला, त्याच्याशी बोलून घरी कळवले आणि डॉक्टरांकडे सोबत गेल्या. मेंटॉरने कुठे थांबायचे हेही कुणीतरी त्यांना शिकवायला हवे. बाई ते स्वतःच शिकल्या.

त्यांच्या आग्रहामुळे कॉलेजने बुधवारचा शेवटचा तास या भेटींसाठी मोकळा ठेवला आहे. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. दुय्यम विषय कोणता घ्यावा हे विचारायला परवा ती वडिलांनाच घेऊन आली होती.